उंदराची साक्ष खाणीच्या विरुद्ध जाते

वणी तालुक्यात राजूर ओळखलं जातं ते कोळशासाठी आणि चुन्यासाठी. या पट्ट्यात कुणाची बोटं सुजली, सकाळी उठल्यावर मूठ वळेनाशी झाली, की डॉक्टरच्या आधी शेजारीच निदान करून मोकळे होतात: "त्याच्या बापालेबी होता. घराण्यातच वात हाये त्याईच्या." सगळे मान डोलावतात, विषय संपतो. हेच वाक्य थोड्या शिकलेल्या तोंडी 'जेनेटिक आहे' असं होतं आणि मग तर बोलायची सोयच उरत नाही. जेनेटिक म्हटलं की खाण सुटली, धूळ सुटली, बिडीही सुटली. दोष राहिला मेलेल्या आजोबाचा, आणि आजोबा काही हरकत घ्यायला येत नाहीत.

दुसरा युक्तिवाद शहरातून येतो. तो करणारी माणसं भली असतात, म्हणून त्यांच्याशी भांडणं जास्त अवघड. त्यांचं म्हणणं असं: उंदीर म्हणजे माणूस नव्हे. पन्नास वर्षं उंदरांचे पंजे सुजवून संधिवाताचं काय कळलं? आता माणसाचाच जीनोम वाचता येतो, तर मुक्या जिवांचे हाल कशाला? बंद करा ते प्रयोग.

राजूरच्या ओट्यावरचा शेजारी आणि शहरातला प्राणिमित्र यांची एकमेकांशी ओळख नाही. पण पहिल्याचं म्हणणं खोटं पाडणारा सर्वांत भक्कम पुरावा त्याच प्रयोगांतून आलेला आहे, जे दुसऱ्याला बंद करायचे आहेत. आनुवंशिकतेच्या नावाखाली धुळीला माफी देता येत नाही, हे सिद्ध करायला उंदीरच लागले. माझं भांडण या दोघांशीही आहे, आणि दोघांनाही उत्तर एकच आहे.

आधी आजार कोणता ते ठरवू, कारण आमच्या जिल्ह्यात 'वात' या नावाखाली काय वाट्टेल ते खपतं. केळापूर, झरी-जामणी भागात पाण्यातल्या फ्लोराइडने हाडं आखडतात, तो वात. चिकुनगुनियाने महिनोन्महिने सांधे धरले, तोही वात. वयानुसार गुडघे झिजले, तोही. मी बोलतोय तो ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिसबद्दल, ज्याला पुष्कळ डॉक्टर आमवात म्हणतात. शरीराचं संरक्षक दल आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जातं. बोटांच्या मुळाशी असलेले सांधे दोन्ही हातांना सारखेच सुजतात, सकाळचा ताठरपणा तासाच्या वर टिकतो, आणि उपचार नाही मिळाले तर काही वर्षांत बोटं बाहेरच्या बाजूला कलतात. बायकांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटी-तिपटीने आढळतो. पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी 1996 पासून भिगवण गावात घरोघर जाऊन जी पाहणी केली, तिच्यात चार हजारांवर प्रौढांपैकी सुमारे 18 टक्क्यांना हाडा-सांध्यांचं काही ना काही दुखणं निघालं. पण आमवात होता तो अर्ध्या टक्क्याच्या आसपास लोकांना. म्हणजे ज्याला आपण सरसकट घराण्याचा वात म्हणतो, त्यातला मोठा वाटा या आजाराचा नसतोच. निदानच चुकलेलं, तर घराण्याची उठाठेव कशासाठी?

तरीही 'घराण्यात आहे' ही समजूत इतकी घट्ट का, याचं एक कारण विदर्भातच सापडतं. जनुक म्हणजे काय हे इथल्या माणसाला शाळेने शिकवलं नाही, सिकलसेलने शिकवलं. आई वाहक, बाप वाहक, तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे गणित आश्रमशाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. सिकलसेलमध्ये ते गणित खरं आहे. तिथे एकच जनुक, त्यातला एकच बदल, आणि तो दोन्हीकडून आला की आजार ठरलेला. आमवाताला तेच माप लावलं की सगळं बिघडतं. हुबेहूब जुळ्या भावंडांपैकी एकाला आमवात झाला, तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण ब्रिटनमधल्या 1993 च्या अभ्यासात 15 टक्क्यांच्या आसपास निघालं. जनुकं शंभर टक्के सारखी, आणि तरी 100 जोड्यांपैकी 85 जोड्यांत दुसरं भावंड ठणठणीत. हे घराण्याचं काम असतं, तर असं झालं असतं का?

यावर जाणकार विरोधक एक आकडा काढतो, आणि तो आकडा खोटा नाही. जुळ्यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासातून, 2000 साली, आमवाताची आनुवंशिकता सुमारे 60 टक्के निघाली. "बघा, साठ टक्के!" पण हे साठ टक्के एका माणसाच्या आजाराचे नसतात. एका विशिष्ट लोकसंख्येत माणसामाणसांत जो फरक दिसतो, त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. आता एक गाव घ्या, जिथे सगळेच सारखी धूळ खातात. तिथे कोण आजारी पडला आणि कोण नाही, यातला फरक जवळपास सगळा जनुकांचाच दिसेल. धूळ सगळ्यांना सारखी आहे म्हणून ती हिशेबातूनच गळून पडेल. म्हणजे गाव जितकं एकसारखं धुळीत बुडालेलं, तितका आजार जास्त 'आनुवंशिक' भासणार! खाणपट्ट्यात या आकड्याचा दाखला देणं म्हणजे आरोपीलाच पंच नेमण्यासारखं आहे.

या गुंत्यातून बाहेर पडायची एकच वाट आहे: जनुकं तीच ठेवायची आणि भोवताल बदलायचा, किंवा भोवताल तोच ठेवून एकच जनुक बदलायचं. माणसांवर हे करता येत नाही, करूही नये. प्राण्यांवर करता येतं. शहरातल्या मित्राने इथे थांबून विचार करावा, अशी माझी विनंती आहे.

तो म्हणतो, माणसाचा जीनोम वाचा. वाचलाय की! 1987 मध्ये ग्रेगरसन, सिल्व्हर आणि विंचेस्टर यांनी दाखवलं की एचएलए-डीआरबी1 या जनुकाच्या ज्या प्रकारांचा आमवाताशी संबंध आहे, त्यांत अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा सामाईक असतो. 2014 पर्यंत जगभरातल्या लाखभर लोकांची जनुकं तपासून आमवाताशी जोडलेल्या 101 जागा नोंदल्या गेल्या. युरोपीय लोकांत ठळक दिसणारा पीटीपीएन22 मधला बदल आपल्याकडे जवळपास सापडतच नाही, तर दिल्ली विद्यापीठाच्या बी. के. थेल्मा यांच्या गटाला 2013 मध्ये उत्तर भारतीयांत एआरएल15 ही वेगळीच जागा मिळाली. काम मोठं आहे, नाकारण्यासारखं नाही. पण ही यादी म्हणजे संशयितांचे पत्ते. त्या पत्त्यावर राहणाऱ्याने नेमकं केलं काय, हे यादी सांगत नाही. शिवाय काही पत्ते यादीत येतच नाहीत.

एनसीएफ1 चीच गोष्ट घ्या. डीए नावाची रॅटची एक जात आहे. तिला प्रिस्टेन नावाचं तेल टोचलं की सांधे सुजतात. ई3 नावाच्या जातीला तेच तेल टोचलं तर काहीच होत नाही. स्वीडनमध्ये रिकार्ड होल्मडाल यांच्या गटाने या दोन जातींचा संकर केला, पुढच्या पिढ्यांत कोणाला सूज येते आणि कोणाला नाही याची नोंद ठेवत गुणसूत्राचा तुकडा लहान-लहान करत नेला, आणि 2003 मध्ये एका जनुकापाशी पोहोचले: एनसीएफ1. हे जनुक पांढऱ्या पेशींना प्राणवायूचे जहाल रेणू तयार करायला लावतं. सगळ्यांची अपेक्षा होती की हे रेणू जास्त झाले की सूज वाढत असणार. निघालं उलटं. आजारी पडणाऱ्या डीए रॅटमध्ये हे रेणू कमी तयार होत होते. बाजारात 'अँटिऑक्सिडंट घ्या, सांधे वाचवा' म्हणत डबे विकणाऱ्यांना ही बातमी अजून पोहोचलेली दिसत नाही.

माणसात हे जनुक सहजी सापडलं नसतं, कारण त्याच्या शेजारी त्याच्यासारख्याच दोन निकामी नकला बसलेल्या आहेत आणि नेहमीच्या चिप-तपासणीत तिघं एकमेकांत मिसळून जातात. रॅटने बोट दाखवलं म्हणून माणसात मुद्दाम शोध घेतला गेला, आणि 2017 मध्ये याच जनुकातला एक बदल ल्युपस, शोग्रेन आणि आमवात या तिन्ही आजारांशी जोडलेला सापडला. 'माणसाचाच जीनोम वाचा' म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

आणि आता क्योटोची उंदीर-जात, एसकेजी. शिमोन साकागुची यांना 2025 चं नोबेल मिळालं ते शरीराच्या संरक्षक दलाला लगाम घालणाऱ्या पेशींसाठी. पण 2003 मध्ये त्यांच्याच गटाने या उंदरांत झॅप-70 जनुकातला एक बिघाड शोधला होता. हा बिघाड असलेल्या उंदराला आपोआप आमवातासारखा आजार होतो. इथवर ऐकून राजूरचा शेजारी खूश होईल: बघा, शेवटी जनुकच! पण याच उंदरांना रोगजंतूविरहित, कडक स्वच्छतेच्या खोलीत वाढवलं तर त्यांना आजार होत नाही. जनुक बिघडलेलंच आहे, पंजे मात्र धडधाकट. मग त्यांना बुरशीच्या कवचातला एक पदार्थ टोचला की सांधे सुजायला लागतात. हे 2005 मध्ये छापून आलं. इतकं बिघडलेलं जनुकसुद्धा एकट्याने काही करू शकलं नाही. बाहेरून कोणीतरी यावं लागलं.

राजूरमध्ये बाहेरून काय येतं?

हा प्रश्न हवेतला नाही. 1953 मध्ये अँथनी कॅप्लन या डॉक्टरांनी वेल्समधल्या कोळसा-खाणकामगारांच्या छातीचे एक्स-रे पाहताना एक विचित्र चित्र टिपलं. नेहमीच्या 'काळ्या फुप्फुसां'त जसे बारीक ठिपके दिसतात तसे नव्हेत. अर्ध्या सेंटिमीटरपासून पाच सेंटिमीटरपर्यंतच्या, ठसठशीत गोल गाठी, बऱ्याचदा फुप्फुसाच्या कडेला. धूळ फार साचलेली नसतानाही त्या दिसत, आणि ज्यांच्यात त्या दिसल्या त्यांना आमवात होता. काहींच्या एक्स-रेत गाठी आधी आल्या, सांधे नंतर धरले. पुढे स्वीडनमध्ये शेकडो नव्या रुग्णांची निरोगी माणसांशी तुलना झाली, तेव्हा सिलिकाच्या, म्हणजे दगडातल्या क्वार्ट्झच्या धुळीत काम केलेल्या पुरुषांत आमवाताचा धोका वाढलेला निघाला. दगड फोडणाऱ्या-छेदणाऱ्यांत तो आणखी वर गेला, आणि त्यात धूम्रपान असेल तर आणखीच.

आता राजूरकडे वळू, पण जपून. चुनखडी म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. ती क्वार्ट्झ नव्हे. चुन्याच्या भट्टीची धूळ डोळे जाळते, कातडी फोडते, दमा करते. तिला आमवातासाठी जबाबदार धरायला माझ्याकडे पुरावा नाही आणि मी धरणार नाही. कोळशाचं तसं नाही. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाच्या थरांना वाळूच्या दगडाची सोबत आहे. छताला आधार द्यायला खालून वर भोक पाडून लोखंडी बोल्ट ठोकतात, तेव्हा ड्रिल चालतं ते बऱ्याचदा या वाळूच्या दगडात, आणि धूळ पडते ती थेट वर तोंड केलेल्या कामगाराच्या नाकातोंडावर. उघड्या खाणीत कोळशावरचा दगड-मुरूम फोडताना तेच. ही धूळ काळी नसते, पांढुरकी असते, आणि तिच्यात क्वार्ट्झ असतं.

फुप्फुसातली धूळ बोटांच्या सांध्यांपर्यंत पोहोचते कशी, हा दुवा जोडायलाही उंदरांचाच उपयोग झाला. धूर आणि सिलिका यांनी फुप्फुसातल्या पेशी चिडल्या की काही प्रथिनांमधल्या आर्जिनिनचं सिट्रुलिन होतं. 1987 ला सापडलेला जो सामाईक तुकडा, तो बाळगणारे एचएलए रेणू हे बदललेलं प्रथिन घट्ट पकडतात आणि संरक्षक पेशींना 'हा परका' म्हणून दाखवतात. हे खरं का, हे तपासायला तो तुकडा बाळगणारं माणसाचं डीआर4 जनुक उंदरात घातलं. 2008 मध्ये अशा उंदरांना सिट्रुलिन झालेलं फायब्रिनोजेन टोचलं, त्यांचे सांधे सुजले. साधं फायब्रिनोजेन टोचलं, काही नाही. ज्यांच्यात माणसाचं जनुक नव्हतं त्यांना बदललेलं फायब्रिनोजेन टोचलं, तरी काही नाही. दोन्ही एकत्र आले तेव्हाच आजार. ल्युपसकडे झुकलेल्या उंदरांच्या जातीत तर प्रत्यक्ष सिलिकाचे कण नाकावाटे देऊन स्वतःविरुद्धची प्रतिक्रिया वाढलेली दाखवलेली आहे.

तेव्हा शेजाऱ्याला माझं उत्तर: हो, त्याच्या बापालाही असेल. बापही त्याच खाणीत होता.

आता शहरातल्या मित्राचा सर्वांत जड मुद्दा. तो नीट मांडला जात नाही, म्हणून मीच मांडतो. 13 मार्च 2006 ला लंडनच्या नॉर्थविक पार्क रुग्णालयात सहा निरोगी तरुणांना टीजीएन1412 हे प्रतिपिंड टोचलं गेलं. ज्या आजारांवर ते वापरायचं होतं त्यांत आमवात होता. रॅटमध्ये या जातीच्या औषधाने सांधेसूज उतरली होती. माकडांना ते मानवी मात्रेच्या 500 पट दिलं तरी सोसलं होतं. त्या सहा जणांचे अवयव काही तासांत एकामागून एक बंद पडू लागले. जीव वाचले, पण एकाची बोटं गेली. दुसरं उदाहरण आयएल-17 या सूज वाढवणाऱ्या रेणूचं: उंदरांत ते अडवलं की सूज छान उतरायची, माणसाच्या आमवातात औषधाने निराशाच केली, त्याचा उपयोग झाला तो सोरायसिसच्या संधिवातात आणि पाठीच्या कण्याच्या आजारात.

हे अपयश लपवण्यात अर्थ नाही. पण टीजीएन1412 ने माणसात कहर का केला, त्याचं कारण पुढे सापडलं. ज्या अनुभवी स्मृतिपेशींवर ते औषध कामाला लागतं, त्या माकडांत वेगळ्या असतात, आणि स्वच्छ पिंजऱ्यात वाढलेल्या रॅट-उंदरांत जवळपास नसतातच; आयुष्यात एक रोगजंतू पाहिलेला नसतो त्यांनी. दोष प्राणी वापरण्याचा नव्हता, काचेच्या पेटीतला प्राणी वापरून त्याला रस्त्यावरच्या माणसाचा साक्षीदार मानण्याचा होता. एसकेजी उंदीर तेच सांगत होते. 2013 मध्ये अमेरिकेत एक निबंध गाजला की उंदरांची जनुकीय प्रतिक्रिया माणसाच्या सुजेशी जुळतच नाही. 2015 मध्ये दोन जपानी संशोधकांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासून म्हटलं की चांगलीच जुळते. डेटा एक, निष्कर्ष दोन. कुठला उंदीर, कोणत्या प्रश्नासाठी, हे न विचारता 'उंदीर चालतो की नाही' असा कौल मागितला, की असंच होणार.

आणि उंदराने खरं सांगितलं, आपणच ऐकलं नाही, असंही झालंय. 1991 मध्ये टीएनएफ या सूज वाढवणाऱ्या रेणूचं माणसाचं जनुक घातलेल्या उंदरांना आपोआप संधिवात झाला आणि टीएनएफ अडवल्यावर तो थांबला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मार्क फेल्डमन आणि लुधियानात जन्मलेले रविंदर मैनी यांच्या गटाने कोलॅजन टोचून संधिवात केलेल्या उंदरांत तसंच दाखवलं आणि लगोलग माणसांवर चाचणी सुरू केली. आमवाताच्या उपचारात त्यानंतर क्रांती झाली. झायडस कंपनीने 2014 मध्ये अ‍ॅडालिमुमॅब या टीएनएफ अडवणाऱ्या औषधाची देशी आवृत्ती आणल्यावर ती आपल्याकडेही थोडी आवाक्यात आली. पण 1995 मध्येच उंदरांनी दुसरीही गोष्ट सांगितली होती: टीएनएफ चालत नसलेल्या उंदरांना क्षयाचा जंतू दिला तर ते मरतात. 2001 मध्ये टीएनएफ अडवणारं औषध घेणाऱ्यांत क्षयाचे 70 रुग्ण मोजले गेले, तेव्हा जग दचकलं. सिलिकाने पोखरलेल्या फुप्फुसांत क्षय आधीच लवकर शिरतो. कोळसापट्ट्यात हे औषध लिहिणाऱ्याने तो 1995 चा उंदीर विसरून चालणार नाही.

राहिला क्रौर्याचा मुद्दा. त्याला 'विज्ञानासाठी चालायचंच' असं उडवून लावणाऱ्यांत मी नाही. कोलॅजन-संधिवात कसा करतात ते सांगतो. गाईच्या कूर्चेतलं कोलॅजन सौम्य अ‍ॅसेटिक आम्लात रात्रभर थंडीत विरघळवायचं. मेलेले क्षयजंतू मिसळलेल्या तेलात ते थेंबाथेंबाने घोटायचं. पाण्यावर टाकलेला थेंब न पसरता तसाच घट्ट राहिला, म्हणजे जमलं. डीबीए/1 जातीच्या उंदराच्या शेपटीच्या मुळाशी टोचायचं, 21 व्या दिवशी पुन्हा. काही दिवसांनी एक बोट लाल होतं, मग घोटा, मग पंजा फुगतो. प्रत्येक पंजाला शून्य ते चार गुण, एकूण सोळा. सोळा गुणांचा उंदीर अन्नापर्यंत सरकत नाही. हे दुखतं, आणि जो म्हणतो दुखत नाही तो खोटं बोलतो. म्हणूनच मर्यादा ठरवून द्यावी लागते: इतक्या गुणांवर प्रयोग थांबवा, अन्न खाली जमिनीवर ठेवा, मऊ गादी द्या, जितके लागतील त्याहून एकही उंदीर जास्त नको. 1960 च्या प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायद्याखाली समित्या आहेत. त्यांनी कागदावर सही करण्यापलीकडे पिंजऱ्यात वाकून पाहावं, ही मागणी मित्राने करावी, मी त्याच्यासोबत सही करतो. 2023 मध्ये आपल्या औषध-नियमांनी प्राण्यांऐवजी इतर पद्धतींनाही मान्यता दिली, तेही बरंच झालं. औषधाच्या विषारीपणाची तपासणी पेशींवर होत असेल तर जरूर व्हावी. पण फुप्फुसात शिरलेली धूळ, रक्तातलं प्रतिपिंड आणि बोटाचा सांधा, हा प्रवास तबकडीतल्या पेशींना करता येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. मोहन वाणी यांच्या गटाने 2011 मध्ये आयएल-3 हा रेणू याच कोलॅजन-उंदरांत संधिवात आवरतो असं दाखवलं; तो आवरतो कसा, लगाम घालणाऱ्या पेशी वाढवून, हे अख्ख्या जिवंत शरीराशिवाय कळलं नसतं.

मला प्रयोग बंद नको आहेत, वेगळे हवे आहेत. धूळ इथली हवी: वणी भागातल्या छताच्या दगडाची, नेमक्या त्या कणांच्या आकाराची. उंदीर नर आणि मादी दोन्ही हवेत, कारण खाणीच्या धुळीचे जुने अभ्यास जवळजवळ सगळे पुरुषांचे आहेत. आपल्याकडे तर 1952 च्या खाण कायद्याने बायकांना भूमिगत कामाला बंदीच होती, 2019 मध्ये ती सैल झाली. आजार मात्र बायकांत जास्त. उद्या त्या खाली उतरतील तेव्हा सांगायला काय असेल आपल्याकडे? आणि माणसांच्या बाजूने राजूरमध्ये भिगवणसारखी घरोघर पाहणी हवी, ज्यात फ्लोराइडचं दुखणं, चिकुनगुनियाचं दुखणं आणि आमवात वेगळे काढले जातील. खाणकामगाराच्या ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीत छातीचा एक्स-रे निघतो, तो धुळीचे डाग मोजायला. त्याच वेळी ज्याची बोटं सकाळी तासभर ताठ राहतात, त्याची अँटी-सीसीपी रक्तचाचणी करायला काय हरकत आहे? सिट्रुलिन झालेल्या प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडं कित्येकदा सांधे सुजण्याच्या काही वर्षं आधीच रक्तात दिसतात. त्या वेळी माणसाला ड्रिलवरून काढून दुसऱ्या कामाला लावता येतं. बोटं वाकडी झाल्यावर नाही.

यावर शेवटची पळवाट ठरलेली असते: असं केलं तर प्रत्येक जण नुकसानभरपाई मागेल. 2025 पर्यंत लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात सिलिकोसिस होता, आमवात नव्हता. त्यामुळे आमवातासाठी कोणालाच काही मिळत आलेलं नाही आणि तो खर्च कामगार आपल्या खिशातून, बायकोच्या पोतीतून भागवतो. म्हणजे भरपाई आजही दिली जातेच, फक्त देणारा वेगळा आहे. ती कोणी द्यायची हे ठरवताना 'घराण्यातच आहे' हे उत्तर यापुढे चालू नये. ज्यांना ते द्यायचंय त्यांनी आधी क्योटोच्या उंदरांचा निकाल खोडून दाखवावा.